कोळंबीच्या पास्त्यात टोमॅटो: मूठभर, आणि शेवटी

कोळंबीच्या किंवा तिसऱ्यांच्या (म्हणजे शिंपल्यांच्या) पास्त्यात ताजा टोमॅटो घालावा का, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नवऱ्याचं म्हणणं, टोमॅटो आला की मासळीची चव गेलीच. मला विचाराल तर चव टोमॅटोने जात नाही, तो शिजवून शिजवून त्याची चटणी केली की जाते.

इटलीत नेपल्सकडे तिसऱ्यांची स्पॅगेटी दोन्ही तऱ्हांनी करतात. पांढरी, म्हणजे नुसतं ऑलिव्ह तेल, लसूण आणि पार्सली. आणि टोमॅटो घातलेली लाल. शिवाय एक मधली तऱ्हा आहे: थोडेसेच छोटे टोमॅटो घालायचे, की पास्त्यावर लाल ठिपके दिसतील पण सॉस होणार नाही. मी या मधल्या पक्षातली. इतिहास काढायला गेलं तर मात्र माझी बाजू लंगडी पडते. टोमॅटो युरोपात पोचला सोळाव्या शतकात, नेपल्समध्ये टोमॅटो सॉसची कृती छापली गेली 1690च्या दशकात, आणि पास्त्याशी त्याची गाठ पडायला त्यानंतरही बराच काळ गेला. म्हणून मी परंपरेचा मुद्दा काढतच नाही, चवीवर बोलते.

चवीचं कारण सरळ आहे. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, कोळंबी-तिसऱ्यांत न्यूक्लिओटाइड असतात. दोन्ही उमामी, म्हणजे मटणाच्या रश्शात लागते तशी भरीव चव, देणारी द्रव्यं, आणि ही दोन एकत्र आली की ती चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते. यातली गंमत अशी की ग्लुटामेट टोमॅटोच्या जाड गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात जास्त असतं. आणि बहुतेक जण ‘पाणी सुटतं’ म्हणून नेमका तोच काढून टाकतात!

मी तो रस वेगळा काढते. टोमॅटो अर्धे चिरायचे, गाळणीवर धरून अंगठ्याने बिया खरवडायच्या, वर चिमूटभर मीठ टाकायचं आणि चमच्याने दाबायचं. खाली जेमतेम पाव वाटी फिकट, किंचित हिरवट रस जमतो. दिसायला काही नाही, पण बोट बुडवून चाखून बघा.

आता कढई. तेल तापलं की कोळंबी दोन्ही बाजूंनी मिनिटभर परतून बाहेर काढायची. आत थोडी कच्ची राहिली तरी चालेल, नव्हे, राहायलाच हवी. त्याच तेलात ठेचलेली लसूण आणि थोडी सुकी मिरची. लसूण लाल व्हायच्या आत तो रस ओतायचा आणि कढईला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं. रस अर्धा आटला की पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उपसलेला पास्ता आणि त्याचंच डावभर पाणी. मोठ्या आचेवर सारखं हलवत राहायचं. त्या पाण्यातल्या पिठूळपणामुळे तेल आणि रस मिळून येतात आणि पास्त्याला चकाकी चढते. टोमॅटोचा गर, जाडसर चिरलेला, घालायचा तो यानंतर, कोळंबीच्या बरोबरीने. एक मिनिट, फार तर दीड. फोडीची कड मऊ व्हावी, पण साल सुटून गुंडाळी होऊ नये. दोघांना दीडशे-दोनशे ग्रॅम टोमॅटो पुरे.

तिसऱ्या असतील तर त्या झाकण ठेवून उघडू द्यायच्या, न उघडलेल्या टाकून द्यायच्या आणि त्यांचं सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून वापरायचं. ते चांगलंच खारट असतं, त्यामुळे पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीच्या निम्मंच.

वर चीज किसू नका. इटलीतही मासळीच्या पास्त्यावर ते सहसा घालत नाहीत, आणि इथे तर टोमॅटोचा ताजेपणा त्याखाली मरतो. लिंबाचं ज्याचं त्याने बघावं. टोमॅटो गोड असतील तर मी चार थेंब पिळते, आंबटसर असतील तर लिंबू कापतच नाही.