मायनस चौदा

शेजारच्या काकू, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. इथे नागपुरात धंतोलीत डोळे तपासायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "ताई, डोळ्यात लेन्स बसवायची तर आयसीएल की आपली भारतीय आयपीसीएल?" दोन्ही चष्म्याचा नंबर घालवायला डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्स. परवा तुम्हीही लेकीसाठी हेच विचारलंत.

माझा नंबर मायनस चौदा होता. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की घामानं चष्मा घसरायचा, आणि तो काढला तर बर्डीच्या चौकात येणारी बस म्हणजे नुसता डाग. लेसरला डॉक्टरांनी नाही म्हटलं. एवढा नंबर घालवायला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, फार तासावा लागतो, तो कमजोर होतो. मग उरली आत बसवायची लेन्स. तिच्यात आपलं नैसर्गिक भिंग तसंच राहतं, त्यामुळे तरुण वयात जवळचं वाचायची ताकद जात नाही.

पूर्वी आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याला, चिमट्यासारखी धरणारी आर्टिसन लेन्स बरीच वापरली जायची. ती कडक असते, पाच-सहा मिलिमीटरची चीर लागते. शिवाय ती कॉर्नियाजवळ बसते, म्हणून कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी वर्षानुवर्षं मोजत राहाव्या लागतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

आयसीएल आयरिसच्या मागे, आपल्या भिंगाच्या पुढे बसते. घडी घालून साधारण तीन मिलिमीटरच्या चिरेतून आत जाते. डोळ्याच्या आतलं पाणी अडू नये म्हणून जुन्या आयसीएलसाठी आधी लेसरनं आयरिसला भोक पाडावं लागायचं. नव्या ईव्हीओ आयसीएलमध्ये मधोमध ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं, ते पाणी त्यातूनच वाहतं. अमेरिकेत तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. आयपीसीएलही आयरिसच्या मागेच बसते. ती अ‍ॅक्रिलिकची आणि स्वस्त. आयसीएल कोलॅमर नावाच्या मऊ पदार्थाची, तिच्या रुग्णांच्या नोंदी जास्त वर्षांच्या. ऐपत असेल तर आयसीएल घ्यावी असं मी म्हणेन, पण आयपीसीएल घेतली म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये.

खरं तर काकू, नाव नंतर बघा, आधी मापं बघा. लेन्स आणि आपलं भिंग यांच्यात थोडी फट राहावी लागते, अंदाजे पाव ते पाऊण मिलिमीटर. फट फार कमी झाली तर मोतीबिंदूची भीती, फार जास्त झाली तर डोळ्याचं प्रेशर वाढण्याची. ही फट लेन्सच्या साइजवर ठरते. म्हणून डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची, म्हणजे कॉर्निया आणि भिंग यांच्यातल्या जागेची, खोली किती, कॉर्नियाच्या पेशी किती, लेन्सची साइज कशावरून काढली, हे विचारा. खोली २.८ मिलिमीटरपेक्षा कमी निघाली तर सहसा नकोच म्हणतात. मोजणीच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवायची तेही विचारून घ्या, नाहीतर मापं चुकतात. आणि नंबर अजून बदलत असेल तर पोरीला थांबवा, लग्नाची घाई असली तरी.

एक गोष्ट मला कुणी आधी नीट समजावली नव्हती. लेन्स बसली, चष्मा गेला, तरी डोळा आतून लांबलेलाच राहतो. मागचा पडदा (रेटिना) ताणलेलाच राहतो, तो फाटण्याचा धोका जात नाही. मी दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घेते. लेकीला सांगून ठेवा: डोळ्यात अचानक चमका दिसल्या, काळे ठिपके एकदम वाढले, किंवा कडेनं सावली सरकल्यासारखी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं.