मंडळाचा बिनमाइकचा शनिवार

परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाचं वर्ष डोळे मिटून सांगता येतं. संक्रांतीचं हळदीकुंकू, पाडवा, उन्हाळ्यातली सहल, गणपती, दिवाळी. सहल सोडली तर प्रत्येक ठिकाणी माइक असतो, तो सुरुवातीला चालत नाही, मग चालायला लागला की बंद होत नाही. अध्यक्षांचं मनोगत होतं, आभारप्रदर्शनात कोणाचं तरी नाव राहतं, आणि तो विषय पुढच्या गणपतीपर्यंत पुरतो. आमचं मंडळ पेन्सिल्व्हेनियाच्या पूर्वेला, लीहाय व्हॅलीत. तिथेही हे सगळं साग्रसंगीत व्हायचं. पण मला विचाराल तर आमच्या मंडळाचा सगळ्यात चांगला कार्यक्रम छापील यादीत कधी नव्हताच. डिसेंबरचा दुसरा शनिवार, मराठी शाळेचा कुकीचा दिवस.

आमची शाळा एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरायची. डिसेंबर उजाडला की हजेरी निम्म्यावर यायची, कारण निम्मी घरं भारतात निघालेली असायची आणि उरलेल्या मुलांचं लक्ष काना-मात्रा-वेलांटीत नसायचं. इंग्रजी शाळेत त्यांच्या वर्गात घरोघरच्या कुक्यांची देवाणघेवाण चालायची. आमच्या मुलांच्या डब्यातून दिवाळीच्या उरलेल्या चकल्या जायच्या. चकल्या संपायच्या, त्याबद्दल तक्रार नाही, पण मुलांना चांदणी, झाड आणि हरीण हवं होतं. शेवटी शिकवणाऱ्या ताईंनीच ठरवलं की त्या दिवशी पाटी-पुस्तक बंद आणि हॉलला लागून असलेलं चर्चचं मोठं स्वयंपाकघर मागून घ्यायचं.

गावाचंही थोडं सांगायला हवं. आमच्या जवळचं मोठं गाव म्हणजे बेथलेहेम. जर्मन बोलणाऱ्या मोराव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते वसवलं, आणि 1741 सालच्या नाताळच्या आदल्या रात्री, ओंडक्यांच्या ज्या घरात एका बाजूला माणसं नि दुसऱ्या बाजूला गुरं होती तिथे, त्यांचा पुढारी काउंट झिन्झेन्डॉर्फ याच्या उपस्थितीत गावाला येशूच्या जन्मगावाचं हे नाव मिळालं. उत्तरेला थोड्या अंतरावर नाझरेथ. पुढे इथलं पोलाद इतकं गाजलं की गोल्डन गेट पुलाला इथून गेलं. 1937 सालापासून गाव स्वतःला ‘ख्रिसमस सिटी’ म्हणवतं, आणि दक्षिणेच्या डोंगरावर दिव्यांचा प्रचंड तारा लागतो. इकडे जिला ‘शुगर कुकी’, म्हणजे साखरकुकी, म्हणतात तिचं एक मूळ याच नाझरेथच्या मोराव्हियन घरांत सांगतात. तेव्हा आमच्या मुलांनी हट्ट धरला तो काही भलत्या गावी नव्हता.

स्वयंपाकघराची किल्ली चर्चमधल्या एका वयस्क बाईंकडे असायची. पहिल्या वर्षी त्या फक्त ओव्हन लावून द्यायला म्हणून आल्या. आमच्या नाशिकच्या काकूंनी मैदा, लोणी आणि साखर पुरणाचं पीठ भिजवावं तशा जोराने मळायला घेतलेली पाहून त्या थांबल्या, कोट काढला आणि बाह्या वर केल्या. त्या दिवसापासून त्यांचंही नाव मंडळात न लागताच लागलं. प्रमाण त्यांचंच आम्ही कायम ठेवलं: 3 कप मैदा, 1 कप मऊ बटर, 1 कप साखर, 1 अंडं, चमचाभर व्हॅनिला, चिमूटभर मीठ आणि बेकिंग पावडर जेमतेम अर्धा चमचा. पावडर जास्त झाली किंवा लोणी-साखर फार फेसली की कुकी ओव्हनमध्ये फुगते, पसरते आणि हरणाचं रानडुक्कर होतं. गोळा मळायचा नाही, नुसता एकत्र आणायचा. मग चपटा करून तासभर फ्रीजमध्ये. लोणी घट्ट होतं, मैद्याला आलेला चिवटपणा निवतो, आणि मगच ते लाटण्यासारखं होतं.

लाटायला मात्र त्या बाईंनी आमच्याकडून शिकावं अशी वेळ आली. त्यांचं लाटणं जाडजूड, दोन मुठींचं. आमच्या कोल्हापूरच्या आजींनी पिशवीतून स्वतःचं लाटणं काढलं, जे मुलीकडे येताना त्या सामानातून घेऊन आल्या होत्या. पार्चमेंटच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवला, मधून कडेकडे तीन-चार हलके हात, कागदासकट पाव वळसा, पुन्हा हात. पाव इंच जाडी, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी. बाईंनी पट्टी आणून मोजली. कडा पातळ आणि मध्य जाड राहिला तर कडा करपतात नि मध्य कच्चा राहतो, हे आजींना कोणी सांगावं लागलं नाही. आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या हाताला ते माहीत असतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एक वर्ष त्या शनिवारी मोक्षदा एकादशी आली. आजींनी दिवसभर लाटलं, कुकीचा कणही तोंडात घातला नाही, आणि बाईंनी त्यांच्यासाठी कॉफी वेगळ्या कपात, दुसरं काही न विचारता, आणून ठेवली.

साचे बाईंचे होते, पत्र्याचे, काही त्यांच्या आईच्या वेळचे, कडा थोड्या वाकलेल्या. साचा मैद्यात बुडवायचा, झटकायचा, सरळ दाबायचा आणि न हलवता उचलायचा. मुलं कायम पोळीच्या बरोबर मध्यभागी साचा मारतात. कडेपासून, एकाला एक खेटून मारले तर चुरा कमी उरतो. शंकरपाळे ज्यांनी कातले आहेत त्या आयांना हे दिसत असे आणि हात शिवशिवत असत. चुरा पुन्हा लाटता येतो, पण दुसऱ्या लाटणीला कुकी जरा कडक होते, तिसऱ्या लाटणीची बाबालोकांना.

मराठी शाळा म्हटल्यावर कोणी तरी अक्षरांचं काढणार हे उघड होतं. देवनागरीचे साचे कुठे मिळणार, म्हणून ताईंनी कागदावर अक्षरं कापून दिली आणि मुलांनी सुरीच्या टोकाने आपापल्या नावाचं पहिलं अक्षर कापलं. इथे वर्णमालेची खरी परीक्षा झाली. ‘र’ आणि ‘व’ झकास निघाले. ‘ग’ हे अक्षर नुसतं शिरोरेषेवर तगून असतं हे मला त्या ट्रेकडे बघेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. रेषा थोडी भाजली, ट्रे जरा हलला, की एकीकडे वळलेली आकडी आणि एकीकडे नुसता काना. ‘ण’ आणि ‘श’ यांचंही तेच. गायत्री, गौरी, शंतनू, सगळ्यांचे तुकडे. बाईंनी मग तोड सुचवली: अक्षर कापायचं नाही, गोल कुकीवर आयसिंगने काढायचं. पण कापलेला ट्रे फ्रीझरमध्ये दहा मिनिटं ठेवून थेट गरम ओव्हनमध्ये सारला तर ‘श’ सुद्धा वाचतो, हा शोध पुढच्या वर्षी आठवीतल्या एका पोराने लावला आणि वर्षभर मिरवला.

350 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 175 सेल्सिअस, आणि 8 ते 10 मिनिटं. वरून कुकी पांढरीच दिसली पाहिजे, फक्त कडेला सोनेरी छटा. आपल्याकडच्यांना ती कायम कच्ची वाटते. ‘अजून दोन मिनिटं ठेव गं’ असं म्हणणारं कोणी ना कोणी ओव्हनसमोर उभं असायचंच, आणि त्या दोन मिनिटांनी किती ट्रे खाल्ले याचा हिशेब नको.

अंड्याचा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला. म्हणून दोन गोळे: एकात अंडं, एकात त्याऐवजी दोन-तीन चमचे दूध. तत्कालीन सचिवांनी मोठ्या उत्साहाने शाकाहारीला हिरवा आणि अंड्याला लाल ठिपका अशी पद्धत काढली, भारतातल्या पाकिटांवरच्या हिरव्या-तपकिरी खुणांच्या धर्तीवर. नाताळच्या दिवसांत हिरवा आणि लाल हे दोनच रंग सगळीकडे असणार, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा अंडं घातलेली हिरवीगार झाडं आणि बिनअंड्याचे लालभडक मोजे एका टेबलावर मिसळून पडले होते. त्यात आयसिंगचा पेच वेगळाच. कडक वाळणाऱ्या ‘रॉयल’ आयसिंगमध्ये मेरँग पावडर असते आणि ती अंड्याच्या पांढऱ्याचीच. म्हणजे कुकी शाकाहारी आणि वरचा तारा मांसाहारी. पुढे बिनअंड्याच्या टेबलावर पिठीसाखर, दूध आणि थोडं कॉर्न सिरप एवढंच आलं, नि खोक्यांना निळी चिकटपट्टी. वेलचीचाही एक पक्ष होता. व्हॅनिला काढून वेलची-जायफळ घातलं की ती उत्तम नानकटाई होते, आणि नानकटाई मला आवडतेच, पण हरणाच्या आकाराची नानकटाई खाताना जीभ गोंधळते. मी शेवटपर्यंत व्हॅनिलावाल्यांत राहिले.

आयसिंगला दोन सैलपणा लागतात. कडेची रेघ घट्ट, आतलं भरण पातळ. चमच्यातून सोडलेली धार दहा-पंधरा सेकंदांत सपाट झाली की भरण जमलं. मेंदी काढणाऱ्या मुलींनी कोन हातात घेतले आणि बाकीच्यांनी मुकाट्याने रंग कालवायला घेतले. एरवी गणपतीच्या नाचात मागच्या रांगेत उभी केली जाणारी एक अबोल मुलगी होती. तिने एका चांदणीवर कुंकवाच्या करंड्याची नक्षी काढली, टूथपिकने ओल्या आयसिंगमधून रेघ ओढून पाकळ्या केल्या. टेबलाभोवती गर्दी जमली. टाळ्या वाजल्या नाहीत, कोणी तिचं नाव पुकारलं नाही. लोक नुसते आपापली चांदणी तिच्यासमोर सरकवत राहिले.

मला तो शनिवार आवडायचा तो यासाठी. स्टेज नाही, पुढच्या खुर्च्या राखीव नाहीत. ज्या दोन घरांचं नाटकाच्या तालमींवरून बोलणं बंद होतं ती एकाच ट्रेवर वाकून तुटलेल्या हरणाचं शिंग आयसिंगने चिकटवत असायची. अध्यक्षांना भांडी घासायला लावलं तर चालायचं. नुकत्याच आलेल्या, कोणालाच न ओळखणाऱ्या जोडप्याला दिवाळीत कोपऱ्यात बसावं लागतं. इथे दारातून शिरताच त्यांच्या हातात चाळण मिळायची. मंडळात टिकून राहिलेली कितीतरी माणसं या चाळणीमुळे टिकली असं माझं ठाम मत आहे.

रॉयल आयसिंग पुरतं वाळायला रात्र जाते, म्हणून ट्रे तिथेच राहायचे आणि रविवारी दुपारी खोकी न्यायला पुन्हा जमायचं. एक मोठा ट्रे आधीच चर्चच्या रविवारच्या कॉफीसाठी दिलेला असे. तिथूनच मग मुलांना घेऊन बेथलेहेमला मोराव्हियन लोकांचा ‘पुट्झ’ बघायला जायचं: शेवाळ, ओंडके, दगड आणि छोट्या लाकडी आकृत्या मांडून उभी केलेली येशूजन्माची आरास, अंधाऱ्या खोलीत एकेक भाग दिव्याने उजळत गोष्ट सांगितली जाते. पुण्यात वाढलेल्या आमच्या पिढीला ती पाहताच दिवाळीचा किल्ला आठवायचा. एका छोट्याने तर मोठ्याने विचारलं होतं, मावळे कुठे लपलेत? बाहेर ओसऱ्यांवर सव्वीस टोकांचे मोराव्हियन तारे लावलेले असत, आणि आमच्या घरांवर दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नसे. शेजाऱ्यांना तो नाताळचाच वाटायचा, आम्हीही कधी खुलासा केला नाही.

आता तो दिवस तेव्हाच्या मुलांच्या हातात आहे. कोण काय आणणार याचा ऑनलाइन तक्ता असतो, ग्लूटेन नसलेल्या पिठाचं तिसरं टेबल लागतं, आणि बाईंचे पत्र्याचे साचे त्यांच्या नातीने शाळेला देऊन टाकले आहेत. तक्त्यात बटाटेवड्यांचा रकाना सगळ्यात आधी भरतो. पूर्वीही कुक्या तयार व्हायच्या आत वडेच संपायचे.