तीन महिन्यांत परत आलेला एक्सल

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. कळंबच्या माझ्या गॅरेजसमोर गुरुजींची पांढरी सेडान येऊन थांबली, तेव्हा मी एका ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटचे काम करीत होतो, पण गाडी पाहताच ती कशासाठी आली असेल हे मला समजले आणि हातातला पाना मी खाली ठेवला. श्रावणात याच गाडीचा डाव्या बाजूचा एक्सल मी स्वतः बदलला होता. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सावंगीच्या दवाखान्यात न्यावे लागते आणि गावाहून देवळीमार्गे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. आवाज न चढवता ते एवढेच म्हणाले, “भाऊ, गाडी पुन्हा थरथरते जी. मायले दवाखान्यातून आणतानी तिले लय त्रास होते.”

मी त्यांना शेजारी बसवून गाडी यवतमाळ रस्त्याला काढली. दुसऱ्या गिअरमध्ये वेग तीसच्या वर गेला, इंजिनाचे फेरे दोन हजारांजवळ आले, आणि टर्बोचा जोर लागताक्षणी गाडीचे नाक डावी-उजवीकडे हलू लागले. स्टिअरिंगपेक्षा बसण्याच्या जागेला ते अधिक जाणवत होते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थरथर तत्काळ नाहीशी व्हायची, पाय दाबला की परत यायची. या एका खुणेवरून बरेच काही ठरते. चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असेल तर थरथर वेगाप्रमाणे येते आणि पाय काढल्यानेही राहते. गुरुजींनी तर दोनदा बॅलन्सिंग करून घेतले होते आणि ते पैसे वाया गेले होते. पुढे गॅरेजच्या अंगणात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी दोन्ही बाजूंना गोल फिरवली, तेव्हा कटकट असा आवाज आला नाही, म्हणजे चाकाकडचा जोड शाबूत होता. दोष गिअरबॉक्सकडच्या जोडात होता, आणि तो जोड जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेला होता.

पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून दोन दांडे निघून दोन चाकांना जातात. या दांड्यालाच आपल्याकडे एक्सल म्हणतात. चाक वरखाली होते, शिवाय डावी-उजवीकडे वळते, त्यामुळे दांड्याच्या दोन्ही टोकांना वाकता येईल असे जोड द्यावे लागतात. चाकाकडच्या जोडात पिंजऱ्यात बसवलेल्या सहा गोळ्या असतात. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनीपासून हा जोड लहान गाड्यांत सर्रास दिसू लागला. गिअरबॉक्सकडच्या जोडाची रचना वेगळी असते. तिथे तीन हातांच्या एका तुकड्यावर तीन रोलर बसवलेले असतात आणि ते एका वाटीतल्या तीन खाचांमधून पुढेमागे सरकतात. चाक खड्ड्यात गेले की दांड्याची लागणारी लांबी बदलते. तो फरक हा जोड भरून काढतो.

आता या दांड्यावर किती भार येतो ते पाहावे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारे एक चाक, आणि त्याच्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला असलेले दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. कमी फेऱ्यांवर धूर कमी असल्यामुळे त्याचा प्रभाव थोडा असतो, आणि दीड-दोन हजारांच्या दरम्यान तो जोर एकदम येतो. गुरुजींच्या गाडीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, अडीचशे न्यूटन मीटरच्या आसपास आहे. पहिल्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोहोचेस्तोवर तो साधारण तेरा पट होतो आणि दोन चाकांत वाटला जातो, म्हणजे एका दांड्याच्या वाट्याला सोळाशे न्यूटन मीटर येतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एकशे साठ किलोचे वजन टांगावे, इतका हा पीळ आहे. तो बोटाच्या पेराएवढ्या रोलरांनी झेलायचा असतो. म्हणून टर्बो गाडीचा एक्सल गेला की टर्बोला दोष देण्याची पद्धत आहे. गुरुजींनाही आणखी एका ठिकाणी तसेच सांगण्यात आले होते. पण याच गाडीचा मूळ एक्सल याच टर्बोसह कितीतरी वर्षे चालला होता, ही गोष्ट त्या उत्तरात बसत नव्हती.

श्रावणात मी बसवलेला एक्सल मूळ कंपनीचा नव्हता. यवतमाळच्या दुकानात जो मिळाला तो आणला होता, कारण गुरुजींना दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन जायचे होते. त्यामुळे मालच हलका निघाला असे पहिल्यांदा माझ्याही मनात आले. दुकानदाराकडून बदलून घ्यावा आणि मोकळे व्हावे, हा सोपा मार्ग होता. तो मी धरला नाही, कारण एकाच गाडीच्या एकाच बाजूने लागोपाठ एक्सल खावेत याला केवळ मालाचा हलकेपणा पुरत नाही, असे मला रस्त्यावरच वाटू लागले होते. मी गुरुजींना म्हटले, “आज गाडी इथंच राहू द्या, गुरुजी. पैशाचं ह्या वेळी बोलू नका.”

चाक जमिनीवर असतानाच, माझ्या हाताखालच्या मुलाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून, हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, नट सैल केला. मग गाडी जॅकवर घेऊन खाली स्टॅण्ड लावले, गिअर ऑइल काढले, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला आणि हब बाहेर ओढून दांड्याचे एक टोक मोकळे केले. आतले टोक काढताना नेहमीची चूक अशी होते की दांड्यालाच धरून हिसका मारला जातो. त्याने रोलर वाटीतून निसटतात आणि टोक अडकवून ठेवणारी सर्क्लिप नावाची कडी आतच राहते. पहार वाटीच्या कडेला लावून हलका झटका द्यावा लागतो. एक्सल बाहेर आला. आतल्या जोडावरच्या रबर बुटाच्या, म्हणजे ग्रीस धरून ठेवणाऱ्या आवरणाच्या, घडीवर एक बारीक चीर पडली होती आणि तिथून काळे ग्रीस उडून गिअरबॉक्सच्या अंगावर चिकटले होते.

बूट कापून मी वाटी रॉकेलने धुतली, कापडाने कोरडी केली आणि दारातल्या उन्हात नेली. तीनही खाचांमध्ये रोलरचे चकचकीत पट्टे उमटले होते. नख फिरवले तर ते पट्ट्याच्या काठावर अडकत होते, म्हणजे पोलाद खोल झिजले होते. पण मला खोलीपेक्षा लांबीचे आश्चर्य वाटले. आजवर मी उघडलेल्या वाट्यांमध्ये असा पट्टा आखूड असतो, कारण सपाट रस्त्यावर रोलर थोड्याच जागेत मागेपुढे होतात. इथे तो जवळजवळ दुप्पट लांब होता. तुलनेसाठी मी उजव्या बाजूचाही एक्सल काढला. तो गाडीबरोबर आलेला मूळचाच होता. त्याच्या वाटीतही पट्टा नेहमीपेक्षा लांब होता, मात्र डाव्याइतका नाही, आणि खोली तर फारच कमी होती.

रोलर एका फेऱ्यात किती अंतर मागेपुढे करतील हे दांडा किती वाकलेला आहे यावर ठरते. दांडा सरळ असेल तर ते जवळजवळ जागच्या जागी राहतात. कोन वाढला की प्रत्येक फेऱ्यात त्यांना लांब धाव घ्यावी लागते, आणि ती धाव भाराखाली घेताना तिन्ही हात आळीपाळीने गाडीला आडवा धक्का देतात. एका फेऱ्यात तीन धक्के. ताशी तेहतीस किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला पावणेपाच फेरे करते, म्हणजे सेकंदाला चौदा धक्के. नाक हलत होते ते याच धक्क्यांनी. प्रश्न एवढाच उरला की कोन वाढला कशाने. इंजिन ज्यावर टेकते ते माउंट दबले असेल तरी असे होते, म्हणून ते आधी तपासले. ते ठीक होते.

तेवढ्यात समोरच्या चौकात त्याच मॉडेलची एक भाड्याची गाडी उभी असल्याचे मुलाने सांगितले. गुरुजींची गाडी चाकांवर उतरवण्यासाठी मी दोन्ही एक्सल तात्पुरते परत बसवले आणि हबचे नट व्यवस्थित कसले, कारण नट कसलेला नसताना हबवर गाडीचे वजन टाकले तर चाकाचे बेअरिंग खराब होते. मग स्टीलचा टेप घेऊन दोन्ही गाड्यांच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर मोजले. गुरुजींच्या गाडीत ते ३५ मिलिमीटर जास्त भरले. दोनदा मोजले, तेवढेच आले.

मी चाकामागे वाकून सस्पेंशनच्या स्प्रिंगकडे पाहिले. श्रावणात तिथे काळ्या मातीचा गारा थापून बसला होता आणि माझ्या हातून पाहायचे राहून गेले होते. आता माती वाळून भेगाळली होती. पेचकसाने टोचताच तिचा पोपडा निघाला आणि स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये घट्ट बसवलेले जाड रबर दिसले. उजवीकडेही तसेच. मी गुरुजींना हाक मारून ते दाखवले. ते म्हणाले, “हे तं कमानी मजबूत राहाव्या म्हणून टाकलं होतं. पांधणीत गाडी खालून घासे ना जी.”

गुरुजी गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवतात आणि तिच्यात डिझेलपासून पंक्चरपर्यंत सगळे तारखेसह, किलोमीटरसह लिहितात. ती वही आम्ही गाडीच्या बॉनेटवर उघडली. गेल्या वर्षीच्या आषाढात, ७०,२०० किलोमीटरवर, ‘समोरील उंची वाढविली’ अशी नोंद होती. त्याआधी वहीत एक्सलविषयी एकही शब्द नव्हता. त्यानंतर माघात ७८,४०० वर डावा एक्सल दुसरीकडे बदललेला, श्रावणात ८६,००० वर मी बदललेला, आणि आज आकडा ९०,१०० होता. सत्तर हजार किलोमीटर जो भाग निमूट चालला, तो उंची वाढवल्यावर आठ हजारांत, मग साडेसात हजारांत आणि माझा हलका माल चार हजारांत गेला. त्या सुवाच्य अक्षराकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. श्रावणात ही वही मागितली असती तर गुरुजींचा एक एक्सल आणि त्यांच्या आईचे तीन महिन्यांचे हाल वाचले असते, हे मला फार लागले.

डावीकडचाच एक्सल का जात होता, याचेही उत्तर टेपनेच दिले. या गाडीत गिअरबॉक्स डावीकडे आहे, म्हणून डावा दांडा आखूड असतो. दोन जोडांमधले अंतर डावीकडे ३५० आणि उजवीकडे ६४० मिलिमीटर भरले. उंची दोन्हीकडे सारखीच वाढली, पण आखूड दांड्यावर तिने कोनात साडेपाच अंशांहून जास्त भर घातली आणि लांब दांड्यावर तीन अंशांच्या आसपास. मुलाला हे समजावे म्हणून मी भिंतीला दोन काठ्या टेकवून दाखवल्या, एक लांब आणि एक आखूड, दोन्ही सारख्याच उंचीवर. तो लगेच म्हणाला, “आखूड काठी जास्त उभी झाली.” बुटाची घडीही याच कोनामुळे स्वतःवर घासून चिरली होती.

उपाय सांगणे सोपे होते, पण गुरुजींच्या दृष्टीने तो सोपा नव्हता. रबर काढले तर गाडी पूर्वीसारखी खाली येणार, आणि त्यांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण किलोमीटरची पांधण, म्हणजे शेतातली कच्ची वाट, आहे, तिच्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. हा प्रश्न खरा होता आणि उंची वाढवणाऱ्याने तो आपल्या परीने सोडवला होता. फक्त दांड्याचा विचार त्यात झाला नव्हता. मी त्यांना टायरचा मार्ग सुचवला. १८५/६० ऐवजी १८५/६५ चे, म्हणजे तेवढ्याच रुंदीचे पण थोडे उंच, टायर घातले तर पूर्ण गाडी ९ मिलिमीटर उचलली जाते, कारण चाकाचा मध्यच वर येतो, आणि त्यामुळे दांड्याचा कोन बदलत नाही. वेगाचा काटा तीन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवेल, तेवढे लक्षात ठेवावे लागते. पस्तीसची जागा नऊ भरून काढत नाही, हेही मी स्पष्ट सांगितले. इंजिनाखाली लोखंडी पत्रा लावून घेतला तर घासले तरी ऑइलचे चेंबर फुटणार नाही. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उंचवटा मी सालदाराकडून छाटून घेतो. दोन टोपले मुरूम टाकला तं भागते.”

संध्याकाळपर्यंत रबरे काढली. मूळ कंपनीचा डावा एक्सल दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून बसने आला. गिअरबॉक्सचे ऑइल सील नवे घातले, त्याच्या ओठाला ग्रीस लावले, आणि एक्सल दोन्ही हातांनी सरळ धरून आत ढकलला, सर्क्लिप बसल्याचा ‘टक्’ असा आवाज ऐकू येईपर्यंत. उजव्या बाजूला नवा बूट आणि मॉलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस भरले. गावाकडे पुष्कळदा बेअरिंगचे साधे ग्रीस भरून बुटाला तार गुंडाळली जाते, आणि तिथूनच पुढचा बिघाड सुरू होतो. हबला नवे नट टॉर्क रेंचने ठरल्या मापाला कसले आणि त्यांची कड ठोकून खाचेत बसवली. गिअर ऑइल मोजून भरले.

देवळी रस्त्याला दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांवर मी पाय दाबला. समोर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग होती, म्हणून तिसरा गिअर टाकता आला नाही आणि मला त्याच त्रासाच्या वेगात बराच वेळ गाडी चालवावी लागली. डॅशबोर्डवर ठेवलेली पाण्याची बाटली स्थिर होती.

फाल्गुनात गुरुजी सावंगीहून परतताना गॅरेजवर थांबले. वहीत ९४,६०० चा आकडा होता. गाडी जॅकवर घेऊन मी डाव्या बुटावरून हात फिरवला, तो कोरडा होता आणि बोटांना फक्त धूळ लागली. मागच्या सीटवर त्यांची आई उशीला टेकून झोपलेली होती, म्हणून आम्ही जॅक अगदी हळू खाली घेतला.