मोंगोडीबीत चाचणीचा डेटा, नोंद 3 : एरर शून्य, पान रिकामं

या फेरीचं लक्ष्य: विक्रीच्या वेब अ‍ॅपसाठी 200 ग्राहक, 500 वस्तू आणि 5,000 ऑर्डरी भरायच्या, आणि कितीही वेळा भरल्या तरी डेटा तोच यायला हवा. मोंगोइम्पोर्टने (फाइलीतला डेटा मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये भरणारं साधन) तिन्ही फायली विनातक्रार घेतल्या. जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) फाइल चौकटी कंसाने सुरू होत असेल तर ‘जेसन-अ‍ॅरे’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर दर ओळीला एक डॉक्युमेंट (म्हणजे एक नोंद) असं ते धरून चालतं. ही चूक निदान लगेच ओरडते तरी. बाकीच्या गप्प बसतात.

अ‍ॅपमध्ये ‘गेल्या 30 दिवसांतल्या ऑर्डरी’ हे पान रिकामं आलं. साध्या जेसनमध्ये तारीख नावाचा प्रकारच नाही. फाइलीत नुसती आयएसओ तारीख लिहिली की ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून साठते. तारखांची तुलना करणारी क्वेरी मग तिच्याकडे बघतही नाही, कारण प्रकार वेगळा. इलाज म्हणजे एक्स्टेंडेड जेसन: तारीख थेट न लिहिता ‘डॉलर-डेट’ या कीच्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळायची.

ग्राहक आणि ऑर्डर यांच्या जोडणीतही हाच घोळ. ऑर्डरीतला ग्राहक-आयडी 24 हेक्स अक्षरांची स्ट्रिंग आणि ग्राहकाचा अंडरस्कोर-आयडी (डॉक्युमेंटची ओळख) खरा ऑब्जेक्टआयडी (मोंगोडीबीचा स्वतःचा ओळख-प्रकार) असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण लुकअप, म्हणजे ही जोडणी, रिकामा अ‍ॅरे देतो. इथे ‘डॉलर-ओआयडी’ हवं. मोंगूज (अ‍ॅप आणि मोंगोडीबी यांच्यामधली लायब्ररी) वापरत असाल तर गोंधळ आणखी वाढतो: स्कीमात (फील्डांच्या प्रकारांच्या आराखड्यात) ऑब्जेक्टआयडी असेल तर ते क्वेरीतली स्ट्रिंग स्वतःच बदलून घेतं, साठवलेली मात्र तशीच राहते. म्हणून डेटा भरल्यावर नुसतं मोजून थांबू नका. त्या फील्डच्या ‘डॉलर-टाइप’वर गट पाडून मोजा. एकाहून जास्त गट आले किंवा एकच ‘स्ट्रिंग’ गट आला, की दोष फाइलीत आहे.

सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाइलीत) उलटं होतं. तिथे अंदाजाने प्रकार ठरतो आणि 00412 हा कोड 412 होऊन बसतो. ‘कॉलम्स-हॅव-टाइप्स’ देऊन शीर्षकातच त्या कॉलमला स्ट्रिंग म्हणून टाका.

कलेक्शनचं (डॉक्युमेंटांच्या गटाचं) नाव दिलं नाही तर ते फाइलीच्या नावावरून ठरतं, डेटाबेसचं दिलं नाही तर सगळं ‘टेस्ट’मध्ये जातं. डेटा ‘गायब’ झाला की आधी तिथे बघा.

पुन्हा भरताना ‘ड्रॉप’ सोयीचा वाटतो, पण त्यात कलेक्शनसोबत इंडेक्सही जातात. ईमेलवरचा युनिक इंडेक्स (दुबार मूल्य अडवणारा) गेला की दुबार ईमेल बिनबोभाट आत येतात. त्यामुळे आता आधी डिलीट-मेनीने कलेक्शन रिकामं करायचं (त्यात इंडेक्स टिकतात), मग भरायचं. दुबार सापडला की ई11000 ही एरर येते. पण मोंगोइम्पोर्ट तरीही पुढे जात राहतं, म्हणून ‘स्टॉप-ऑन-एरर’ लावलंय. अपसर्ट (आधीच असेल तर बदल, नसेल तर घाल) हा दुसरा मार्ग. पण फाइलीत अंडरस्कोर-आयडी नसेल तर जुळवायला काहीच नसतं आणि दुसऱ्या फेरीत 5,000 च्या 10,000 होतात.

लॉगिनही अडलं होतं. पासवर्ड हॅश करणारा (उलगडता न येणाऱ्या रूपात बदलणारा) हुक, म्हणजे साठवण्याआधी आपोआप चालणारा कोड, मोंगूजमध्ये आहे आणि मोंगोइम्पोर्ट मोंगूजला बगल देऊन थेट लिहितं. त्यामुळे साधे पासवर्डच साठले, अ‍ॅप त्यांची बीक्रिप्ट या हॅश-पद्धतीने तुलना करतं आणि अर्थातच नाही म्हणतं. 60 अक्षरांचा हॅश एकदाच काढून 200 ग्राहकांना तोच दिलाय. चाचणीपुरतं चालतं, बाहेर अजिबात नाही.

बनावट नावं-पत्ते फेकर या लायब्ररीने तयार होतात. सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) ठरवलं तरी दोन गोष्टी हलत राहतात. ‘पास्ट’सारख्या तारखा आजपासून मोजल्या जातात, म्हणून संदर्भ-तारीख हाताने द्यावी लागते. दुसरी गोष्ट जास्त छळते: सीड म्हणजे आकड्यांची एकच माळ, मध्ये एक फील्ड घातलं की त्यापुढची सगळी मूल्यं सरकतात आणि जुन्या चाचण्या पडतात. सीड आता डॉक्युमेंटच्या क्रमांकावरून दर डॉक्युमेंटला नव्याने बसवतो. नवं फील्डही नेहमी शेवटी जोडायचं.

राहिलंय ते डॉकरचं (डेटाबेस कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन). इनिटडीबी फोल्डरातल्या स्क्रिप्ट डेटा-फोल्डर रिकामा असेल तेव्हाच चालतात. स्क्रिप्ट बदलून कंटेनर नुसता पुन्हा सुरू केला तर जुनाच डेटा दिसतो. तूर्तास व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा साठतो ती जागा) काढून टाकायचा, मगच उठवायचा.