तुमचं कोणी न्यूझीलंडला असतं का?

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पुण्यात, कॉलेजच्या गल्लीत. काउंटरमागे खिळ्याला एक काळी टोपी टांगलेली असते. तिच्यावर रुपेरी नेच्याचं पान, न्यूझीलंडच्या संघाची खूण. पोरं प्रोजेक्टची पानं मोजत उभी असतात, नजर तिकडे जाते आणि ठरलेला प्रश्न येतो: "काका, तुमचं कोणी न्यूझीलंडला असतं का?"

गर्दीच्या वेळी मी सांगतो, "हो, एजाज पटेल." पोरं हसतात आणि मी पुढचा कागद लावतो. आज तुम्ही निवांत विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो.

एजाज माझा कोणी नाही, पण मुंबईत जन्मलेला. आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर तिकडे गेला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडकडून कसोटी खेळायला वानखेडेवर आला आणि एका डावात भारताचे दहाच्या दहा गडी एकट्यानं बाद केले. ११९ धावांत १०. कसोटीत त्याच्या आधी हे फक्त जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांना जमलं होतं. आता पुढचं ऐका. त्याच दिवशी न्यूझीलंडचा सगळा संघ ६२ मध्ये गुंडाळला गेला आणि ती कसोटी ते ३७२ धावांनी हरले. माझ्या टीमची ओळख करून द्यायला एवढा एक किस्सा पुरतो.

पुढचा प्रश्न असतो, मग इकडची टीम कोणती? मी म्हणतो, महाराष्ट्र. समोरचा म्हणतो, म्हणजे मुंबई ना. इथे मात्र माझा आवाज चढतो. अहो, रणजी करंडकात, म्हणजे देशातल्या राज्यांच्या स्पर्धेत, आपल्या राज्याच्या तीन टीम आहेत. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, जालना, पैठण असा उरलेला सगळा मुलूख म्हणजे महाराष्ट्र. मुंबईनं रणजी ४२ वेळा जिंकली आहे. विदर्भ कालपरवापर्यंत कुणाच्या खिजगणतीत नव्हता, त्यांनीही २०१७-१८ पासून तीनदा नेली. आमची दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. कॅप्टन प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे प्राध्यापक, वयाची अठ्ठेचाळिशी गाठलेले. त्या वयात आम्ही एक्सरे काढायला जातो. देवधर शंभरी पार करून १९९३ मध्ये गेले, आणि मधल्या बावन्न वर्षांत त्यांच्या टीमनं त्यांना तिसरी ट्रॉफी काही दाखवली नाही. त्याच वर्षी फायनलला पोचलो होतो. पंजाबनं हरवलं.

माझे आजोबा या टीमचे. घराण्याकडून मला पोथ्या, एक अडकित्ता आणि महाराष्ट्राची टीम असं मिळालं. त्यांची आवडती कथा भाऊसाहेब निंबाळकरांची. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा. दहा धावा हव्या होत्या, आणि लंच झाला. काठियावाडचे कॅप्टन राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम व्हावा हे काही त्यांना रुचेना. लंचनंतर त्यांची टीम मैदानात उतरलीच नाही, सामना सोडून दिला. आजोबा इथे थांबायचे आणि सुपारी कातरायचे. पुढे काय झालं, मी विचारायचो. पुढे काय, निंबाळकरांना भारताची टोपी कधीच मिळाली नाही. एवढंच.

लहानपणी हे ऐकलं की मला रडू यायचं. आता कळतं, की त्या कथेत माझ्या टीमचं सगळं नशीब आहे. आमचा सगळ्यात मोठा पराक्रम समोरचा उठून गेल्यामुळे अर्धा राहिला.

अगदीच वाईट चाललं असं नाही. जानेवारी २०१४, वानखेडे, क्वार्टर फायनल. समोर गतविजेती मुंबई. पहिल्या डावात आम्ही १२२ धावांनी मागे. म्हणजे मॅच संपलीच म्हणायची. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ मध्ये गडगडली, आणि केदार जाधव आणि जालन्याचा विजय झोल यांनी हसत हसत धावा काढल्या. आठ गडी राखून जिंकलो, मुंबईत जाऊन. त्या दिवशी दुकानात एकानं आधारकार्डाच्या दोन प्रती मागितल्या, मी दहा काढून दिल्या. केदारनं त्या मोसमात बाराशेवर धावा केल्या. फायनल हैदराबादला, समोर कर्नाटक. हरलो. सांगायलाच हवं का?

आणि जानेवारी २०२३. पुन्हा मुंबई, ब्रेबॉर्न. बाद फेरीत जायला पहिल्या डावात एक, फक्त एक धाव जास्त हवी होती. आम्ही सगळे बाद ३८४. मुंबई सगळे बाद ३८४. दोघंही बाहेर. मुंबईकर मित्र फोनवर हळहळत होता. मी त्याला म्हटलं, तुला हे नवीन आहे, सवय होईल.

आयपीएलचं विचारू नका. पुण्याची टीम २०१७ ला फायनलला गेली, मुंबईशी एका धावेनं हरली आणि नंतर टीमच राहिली नाही. दोन वर्षांचा भाडेकरार होता, संपला. भाडेकरूवर जीव लावायचा नसतो हे पुण्यातल्या घरमालकांकडून शिकावं.

असो. न्यूझीलंड.

मार्च १९९२. मी बारा वर्षांचा. वर्ल्डकप तिकडे होता, त्यामुळे मॅच आपल्याकडे पहाटे लागायच्या. वाड्यात रंगीत टीव्ही एकच, मामाकडे. मी अंथरुणासकट तिकडेच झोपायला जायचो. सगळ्यांना भारत बघायचा होता, भारत लवकर आटोपला, आणि मग पहाटे उठायला मी आणि मामा दोघंच उरलो. मामा मिस्त्रीकाम करायचा. त्याला कशातही जुगाड दिसला की आनंद व्हायचा. न्यूझीलंडनं त्या वर्षी काय केलं माहीत आहे? नवा चेंडू ऑफस्पिनरच्या हातात दिला, दीपक पटेलच्या. पहिल्याच षटकापासून फिरकी! आणि ओपनर मार्क ग्रेटबॅच पहिली पंधरा षटकं असा हाणायचा की जणू ट्रेन पकडायची आहे. त्या काळी पंधरा षटकांत पन्नास झाल्या तरी लोक खूश असायचे. मामा म्हणायचा, "सामान कमी आहे त्यांच्याकडे, म्हणून डोकं चालवतात." कॅप्टन मार्टिन क्रो. त्याचा कव्हर ड्राइव्ह बघताना मामा हातातला चहा खाली ठेवायचा.

सेमीफायनल ऑकलंडला, पाकिस्तानशी. क्रोनं ९१ केल्या, पण पाय दुखावला, आणि दुसऱ्या डावात तो मैदानात आलाच नाही. फायनलसाठी पाय जपला. बाहेर बसून त्यानं काय पाहिलं? इंझमाम नावाचा एक पोरगा, ३७ चेंडूंत ६०. गेली मॅच. दीपक पटेल कधी आणायचा, कुणाला कुठे उभं करायचं, ही सगळी गणितं क्रोच्या डोक्यात होती, आणि ते डोकं पॅव्हेलियनमध्ये बसलेलं. कॅमेरा सारखा त्याच्यावर जायचा. मला तो चेहरा अजून आठवतो. मामा टीव्ही बंद करून कामावर निघून गेला. मी त्या दिवसापासून न्यूझीलंडचा.

म्हणजे "हरणाऱ्यांची बाजू घेणारा माणूस" असं जे माझं नाव झालंय, ते मला मान्य नाही. त्याचा पुरावाही देतो. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियम, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. दहावीची परीक्षा तोंडावर, तरी मामानं तिकिटं काढली, कारण लारा येणार होता. केनिया १६६ मध्ये आटोपला. आम्ही म्हटलं, लाराचं शतक काही होत नाही, पण निदान साठसत्तर तरी बघू. लारा आठवर गेला. झेल घेतला विकेटकीपर तारिक इक्बालनं. चष्मा लावणारा, अंगानं भरलेला माणूस, सकाळपासून... नाही, पाळी आल्यापासून त्याच्या हातात एक चेंडू धड बसत नव्हता, अख्खं स्टेडियम त्याला हसत होतं. नेमका तो झेल बसला. वेस्ट इंडीज ९३. वर्ल्डकपमधला केवढा मोठा उलटफेर, आणि तो आमच्या स्वारगेटला! मी काय केलं? मी चिडलो. पैसे वाया गेले म्हणून भेळसुद्धा खाल्ली नाही. केनियाचे खेळाडू मैदानाला फेरी मारत होते, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी मामाला म्हणत होतो, चल ना. दुबळ्यांचा कैवार रक्तात असता तर मी त्या दिवशी नाचलो असतो.

तेव्हा कैवार वगैरे नाही. मला माणसं डोकं चालवताना बघायला आवडतात, आणि ज्यांच्याकडे सामान कमी त्यांना ते रोज करावं लागतं. न्यूझीलंडची सगळी वस्ती अर्ध्या कोटीच्या आसपास, आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. त्यातला पहिला मान रग्बीचा. उरलेल्यांतून क्रिकेट. तरी २०१५ आणि २०१९, लागोपाठ दोन वर्ल्डकप फायनल. २०१९ ची तुम्हाला पाठ असेलच: दोघांच्या २४१, सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या १५, आणि मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंड २६, आम्ही १७. काही महिन्यांत आयसीसीनं तो नियमच काढून टाकला. आपल्याकडे अपघात झाल्यावर स्पीडब्रेकर घालतात, तसं. त्यानंतर जगभर सुरू झालं, किती सज्जन टीम, कॅप्टन विल्यमसन कसा हसला. या सज्जनपणाच्या कौतुकाचा मला मनापासून वैताग आहे. हरलेल्याच्या हातावर ठेवलेली साखर ती. २०२१ मध्ये साउदॅम्प्टनला त्यांनी कसोटीचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा कुणी सज्जन म्हटलं नाही. कारण समोर आपण होतो.

आता तुम्ही जे खरं विचारायचंय ते विचारा. पोरंही शेवटी तेच विचारतात. भारत-न्यूझीलंड असली की?

वर्षानुवर्षं माझं उत्तर तयार होतं: भारत, अर्थात. मग ऑक्टोबर २०२४ आला. २० तारखेला, रविवारी, बेंगळुरूला न्यूझीलंडनं कसोटी जिंकली, भारतात छत्तीस वर्षांनी. आपण पहिल्या डावात ४६ वर बाद झालो होतो. त्याच रात्री दुबईला त्यांच्या मुलींनी टी-ट्वेंटी वर्ल्डकप नेला. आणि पुढची कसोटी गहुंजेला! माझ्या घरापासून बसनं जाण्यासारखी. शनिवारी, तिसऱ्या दिवशी, दुकान बंद ठेवून मुलीला घेऊन गेलो. ती निळ्या जर्सीत. मी साध्या शर्टात. टोपी घडी घालून पँटच्या खिशात.

डोक्यावर छप्पर नाही, ऑक्टोबरचं ऊन, शेजारी भोसरीची मंडळी, चिवडा फिरतोय. विल्यमसन या दौऱ्यावर नव्हताच. होता तो मिचेल सँटनर, पहिल्या डावात सात बळी घेतलेला. जैस्वाल खेळत होता तोवर स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी, मीही ओरडत होतो, अगदी मनापासून. ७७ वर तो गेला. गेला त्या क्षणी माझा उजवा हात आपोआप खिशावर गेला. मुलीनं ते पाहिलं. काही बोलली नाही. मग एकेक जात राहिले, सँटनरचे आणखी सहा, कसोटीत तेरा. आपण ११३ धावांनी हरलो. बारा वर्षांत पहिल्यांदा घरची मालिका हरलो. आजूबाजूला सगळे गप्प. मी वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न करत होतो, प्रामाणिकपणे, आणि ते जमत नव्हतं. मला मार्टिन क्रो आठवत होता, पाय पुढे घेऊन बसलेला. तो २०१६ मध्येच गेला. मामाही नाही आता.

पार्किंगपर्यंत चालताना मुलगी म्हणाली, "घाला आता, कोणी बघत नाहीये." मी म्हटलं, "बघतायत." भोसरीवाले मागेच होते.

सोमवारी, वसुबारसेला, दुकान उघडलं. टोपी परत खिळ्यावर. नेहमीचा एक विद्यार्थी आला, पेपर वाचूनच आला असणार. टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "काका, आज झेरॉक्स फुकट ना?"

मी म्हटलं, "दोन रुपये पान. पाठपोट तीन."