कॅलिफोर्नियाचं आखात: ला पाझहून उत्तरेकडे

नकाशा आधी नीट बघा, मग तिकिटं काढा. हे आखात हजार किलोमीटरहून लांब आहे, रुंदी मात्र काही ठिकाणी जेमतेम ५० किलोमीटर. पश्चिमेला बाखा कॅलिफोर्नियाचं द्वीपकल्प, पूर्वेला मेक्सिकोची मुख्य भूमी. जमीन फाटून द्वीपकल्प दूर सरकत गेलं आणि त्या फटीत पॅसिफिक शिरला. म्हणूनच दक्षिणेकडे तळ ३,००० मीटरपेक्षा खोल जातो. उत्तरेचं टोक मात्र कोलोरॅडो नदीच्या गाळानं उथळ झालेलं आहे. तिथे सान फेलिपेला ओहोटीत पाणी इतकं मागे हटतं की बोटी चिखलात बसतात. एकाच समुद्राची ही दोन रूपं मला सगळ्यात विलक्षण वाटली.

नकाशांवर 'गोल्फो दे कालिफोर्निया' आणि 'मार दे कोर्तेस' ही दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसनं पाठवलेला फ्रान्सिस्को दे उयोआ १५३९ मध्ये आखाताच्या उत्तर टोकापर्यंत पोचला होता. म्हणजे बाखा बेट नाही हे तेव्हाच दिसलं होतं, तरी सतराव्या शतकात नकाशांत त्याचं बेट झालं आणि दीर्घकाळ तसंच राहिलं!

मुक्काम द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या ला पाझ शहरात करा. व्हेल शार्क हा प्रचंड शार्क मासा बघायचा तर ऑक्टोबर ते एप्रिल. परवाना असलेल्या बोटीनंच जा. लोस इस्लोतेस या खडकाळ बेटांपाशी समुद्रसिंहांसोबत पोहायचं असेल तर जून ते ऑगस्ट टाळा, विणीच्या काळात पाण्यात उतरू देत नाहीत. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बोटी निघत नाहीत, म्हणून एक-दोन दिवस हातात मोकळे ठेवाच. बालांद्राच्या किनाऱ्यावर मर्यादित लोकांनाच सोडतात, सकाळी लवकर रांगेत उभं राहा.

पुढे लोरेतो. बाखातली पहिली टिकून राहिलेली मिशन वसाहत इथे १६९७ मध्ये उभी राहिली. जानेवारी ते मार्च समोरच्या पाण्यात निळे देवमासे येतात. मुलेखेच्या अलीकडे बाईया कॉन्सेप्सियॉन या उपसागराकाठचा रस्ता पाण्याला बिलगून जातो, तिथे घाई करू नका. रात्री मात्र गाडी चालवू नका, रस्त्यावर गुरं असतात. पेट्रोल पंप लांब लांब आहेत. दिसला की टाकी भरा, आणि पेसो रोख जवळ असू द्या.

पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं असेल तर ला पाझहून तोपोलोबाम्पो किंवा मासात्लान या बंदरांची फेरीबोट आहे. गाडी न्यायची असेल तर जागा आधीच राखून ठेवा.