कंपोस्टखालची पिल्लं

सामुदायिक बागेची फेरआखणी करायला मला बोलावलं होतं, पण मी पोहोचले तेव्हा वाफ्यांबद्दल कुणालाच बोलायचं नव्हतं. विषय एकच, उंदरांना विष कधी घालायचं. कंदमुळं कुरतडलेली, पिकायला आलेले टोमॅटो अर्धवट खाल्लेले, ठिबकच्या नळ्यांवर दातांच्या खुणा. राबून वाढवलेलं रातोरात संपलं की माणूस चिडणारच.

मी म्हटलं, आधी बाग फिरून बघू.

उंदीर शक्यतो मोकळ्यावरून जात नाही. भिंत किंवा कुंपण अंगाला लागेल अशा बेतानं कडेकडेनं पळतो. म्हणून मीही कडा धरूनच चालते. कुंपणालगत गुडघाभर गवत होतं आणि त्यातून गुळगुळीत झालेल्या वाटा गेलेल्या. वाटेत बिळं लागली. प्रत्येकाच्या तोंडात चुरगळलेला कागद सैलसर कोंबला. एक-दोन दिवसांत तो बाहेर ढकललेला दिसला, तर बीळ वापरातलं आहे असं समजायचं. सगळ्या वाटा कंपोस्टच्या लाकडी पेटीपाशी पोहोचत होत्या. पेटीला तळ नव्हता, वर शिजवलेलं उरलंसुरलं अन्न टाकलेलं आणि शेजारी गळक्या नळाखाली डबकं. अन्न, पाणी, निवारा, तिन्ही एकाच जागी!

एकानं फावडं उचललं. मी त्याला थांबवलं आणि हातमोजे घालून थर हळूहळू बाजूला केले. (उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, त्यामुळे अशा ठिकाणी उघड्या हातांनी काम करूच नये.) खाली वाळलेल्या गवताचं आणि कागदाच्या चिंध्यांचं घरटं होतं. आत गुलाबी, केस न फुटलेली पिल्लं एकमेकांना चिकटून पडलेली, डोळेही न उघडलेली. ते उघडायला जन्मानंतर साधारण दोन आठवडे लागतात.

"आत्ताच संपवा, नाहीतर उद्या हीच पिकं खातील," मागून कुणीतरी म्हणालं. मी पेटीसमोरून हलले नाही. मला त्या पिल्लांची दया आली होती आणि ते मी तसंच सांगितलं. मग सगळ्यांना कोपऱ्यातल्या झाडाखाली नेलं. येताना तिथे मला घुबडानं ओकलेले गोळे दिसले होते. एक फोडून दाखवला, आत उंदरांची हाडं आणि केस. रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होत राहतो, तो सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि अशा वेळी घुबडाच्या सहज हाती लागतो. मग तेच विष घुबडाच्या पोटात. यानंतर विषाच्या पुड्यांचा आग्रह ओसरला.

पिंजऱ्यात पकडून लांब सोडण्याचा पर्यायही निघाला. अनोळखी जागेत उंदराला बीळ नसतं, तो तगणं कठीण. शिवाय इथलं अन्न तसंच राहिलं तर रिकामी जागा दुसरे भरतात. आवाज काढून उंदीर पळवणाऱ्या यंत्रांवरही माझा विश्वास नाही, उंदरांना त्यांची सवय होते.

घरटं पुन्हा झाकून आम्ही लांब गेलो. त्रास झाला की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, यावर माझी भिस्त होती. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं.

मग खरं नियोजन सुरू झालं. कंपोस्टची पेटी उचलून तिच्या तळाला 6 मिलिमीटर भोकांची जस्ताचा मुलामा असलेली पोलादी जाळी ठोकली. आधी वाफ्यांना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावलेली होती, तिच्यातून लहान उंदीर आरामात शिरतो. नवी जाळी वाफ्यांभोवती 30 सेंटिमीटर खोल पुरली आणि तिचा तळ तेवढाच बाहेरच्या बाजूला वाकवला. खणणारा प्राणी अडथळ्याच्या बुडाशीच खणत राहतो, मागे सरकून लांबून सुरुवात करत नाही. कुंपणालगतची पट्टी मोकळी केली, नळ दुरुस्त झाला. ज्या बिळांतला कागद हलला नाही तेवढीच बुजवली. उरलेल्यांना मुदत दिली, कारण आत पिल्लं असताना तोंड बंद करणं क्रूरपणा आहे.

सगळ्यात जास्त वाद कंपोस्टवर झाला. शिजवलेलं अन्न बंद, हे पचायला जड गेलं. शेवटी ठरलं की फक्त कच्चा ओला कचरा, त्यावर दुप्पट-तिप्पट सुका पाला, आणि ढीग नियमित वरखाली करायचा. ज्या आजोबांनी विषाचा आग्रह सर्वांत जोरात धरला होता, त्यांनीच ढिगाची जबाबदारी मागून घेतली.